वीतभर वर गेलेला धोंडा

राधाकिशन सरांचं ऑफिस केजच्या बसस्टँडमागं, खत-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर. दोन टेबलं, एक कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर सरांनी बांधलेल्या बंगल्यांचे रंगीत फोटो. बंगले सगळे एकाच वळणाचे, कारण गिऱ्हाईक यायचं तेच मुळी शेजाऱ्याच्या घराचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन. "असंच पायजे, फक्त खांब जरा जाड करा," म्हणायचं. सर खांब जाड करून द्यायचे. पोटापाण्याचा धंदा आहे, त्यात नावं ठेवण्यासारखं काही नाही.

अशा ऑफिसात ऊसतोड कामगारांच्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीचं काम आलं. धारूरच्या घाटाखाली, माळावर चोवीस घरं. सरांनी ते सरळ सत्यभामाच्या अंगावर टाकलं. सत्यभामा आष्टीकडची, आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे, आणि ही औरंगाबादला शिकून आर्किटेक्ट होऊन आलेली. "तुझीच माणसं आहेत, तूच बघ," सर म्हणाले. तिला बरं वाटलं का राग आला, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

सोसायटीची चेअरमन बायनाबाई. बारा कोयत्यांची, म्हणजे बारा जोडप्यांची, टोळी सांभाळणारी बाई, बोलायला फटकळ. सत्यभामानं वही उघडून विचारलं, मावशी, घर कसं पाहिजे? बायनाबाई म्हणाली, "कसं बी बांध. आमी दिवाळी झाली की जातो ते पाडव्याला येतो. मागं ऱ्हात्यात ती म्हातारी माणसं. त्यांचं बघ."

झालं, ते वाक्य तिच्या डोक्यात बसलं. तिनं स्वयंपाकघरांची दारं समोरासमोर काढली, म्हणजे एकीला ठसका लागला तर दुसरीला ऐकू जावा. घरापुढचा ओटा बाजेएवढा रुंद केला. आणि चोवीस छतांचं पाणी एका पाइपात घेऊन माळाच्या खालच्या अंगाला, जमिनीत एक झाकलेला हौद काढला. तीस फूट लांब, पंधरा रुंद, सहा खोल. घरटी दिवसाला दोन कळशा धरल्या तर दिवाळी ते पाडवा पुरेल असा. सर म्हणाले, पुस्तकात माणशी याच्या कितीतरी पट धरतात, तू दोन कळशा कुठून आणल्यास? तिनं आकडा तसाच ठेवला. लहानपणी आईबाप कारखान्यावर गेले की ती आणि तिची आजी दोन कळशांतच भागवायच्या, आणि फाल्गुन लागला की त्या दोनाची एक व्हायची. हे ऑफिसात कशाला सांगायचं?

माळाला उतार अगदी थोडा. पाइपाला वरच्या घरापासून हौदापर्यंत जेमतेम आठ-दहा इंच उतार मिळत होता, त्यामुळे उंचीच्या मापात चूक चालणार नव्हती. सगळी मापं ज्याच्यावरून घ्यायची तो एक धोंडा तिनं वरच्या अंगाला बाभळीखाली रोवून घेतला आणि खूण म्हणून त्याच्या डोक्यावर ऑइलपेंट लावला. लाल. डब्यात तोच उरला होता. आता बघा, बाभळीखाली उभा धोंडा, त्याला लाल रंग, आणि हे करणारी पोरगी आष्टीची! परक्या मुलखातल्या इंजिनिअरनं केलं असतं तर आपण हसून सोडून दिलं असतं.

दिवाळीपर्यंत चोवीस जोती उभी राहिली. मग माणसं कारखान्यावर गेली आणि पाणी आटलं. ते लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तेच वर्ष. चार महिने काम बंद. पाडव्याला टोळ्या परतल्या आणि वैशाखात तर शेजारच्या झोपड्यांच्या वस्तीवर प्यायलाच उरलं नाही. दूध सोसायटीच्या बोअरचं पाणी दिवसाआड एक टँकर यायचं, घरटी दोन पिपं. मग दूध सोसायटीनंच कळवलं की बोअर धापा टाकतंय, आता दोनच खेपा, पुढं आम्हाला मागू नका.

बायनाबाईनं सभा घेतली. पाऊस तोंडावर आलाय, हौद आत्ता झाला नाही तर यंदाचंही पाणी ओढ्यानं वाहून जाईल, असं तिनं सांगितलं. दोनातली एक खेप काँक्रीटला द्यायची आणि उरेल ते पुढं आठ दिवस त्यावर मारायचं, असा ठराव झाला. कुणी अंगठा दिला, कुणी सही. दोन दिवस बायांनी पोरांना ओल्या फडक्यानं पुसून काढलं, भांडी राखेनं कोरडीच घासली, पण ठराव मोडला नाही.

ठराव आणि काँक्रीट यांच्या मधल्या आठवड्यात सत्यभामा एकदा येऊन खड्ड्याची मापं देऊन गेली होती. भर दुपार, उन्हानं माप घ्यायच्या दुर्बिणीला हात लावता येत नव्हता, त्यात सरांचा फोनवर फोन. गहिनीनाथ मिस्त्री धोंड्यावर पट्टी धरून उभा राहिला, तिनं लांबून बघून आकडा लिहिला आणि त्यावरून खड्डा किती खोल ते सांगितलं. नेहमी ती एखाद्या जोत्यावर पट्टी धरून माप पडताळून बघायची. त्या दिवशी नाही बघितलं.

काँक्रीटच्या दिवशी सकाळी सातलाच सगळे हजर. खड्ड्याच्या काठावर सळईच्या जाळ्या बांधून ठेवलेल्या, मिक्सर भाड्यानं आणलेला, टँकर येऊन उभा. टँकरवाला आप्पा घड्याळ दाखवत म्हणाला, "अकराला मला माघारी जायाचंय, आधीच सांगतो." वस्तीवरच्या बाया टँकरकडं बघत होत्या आणि मग मुद्दाम दुसरीकडं बघत होत्या. सरही आले होते, इस्त्रीच्या शर्टात. फोटो काढायचा होता.

गहिनीनाथानं नारळ घेतला आणि बाभळीकडं चालू लागला. सत्यभामानं विचारलं, "मिस्त्री, तिकडं कुठं? इथंच फोडा की खड्ड्यापाशी."

"देव सोडून इथं कावून फोडू?"

"कुठला देव?"

"तुमचाच की. तुमीच न्हाई का बसवला?"

ती त्याच्या मागं गेली. बाभळीखाली धोंडा होता, लाल डोक्याचा. त्याला हळदीकुंकू, वाळलेल्या लिंबाची माळ, पुढं दोन नारळांच्या कवट्या. आणि त्याच्या खाली ओटा. सपाट दगड मांडून, चिखलानं लिंपून, शेणानं सारवून केलेला नेटका ओटा. सत्यभामा पुढं झाली. खाली बसून तिनं ओट्याला हात लावला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बरोबर एक वीत. नऊ इंच.

पलीकडं मेंढरांचा वाडा होता. तात्याबा धनगराची बायको मनकर्णा तिथून उठून आली आणि कौतुकानं म्हणाली, "देव उघड्यावर मातीत हुता बाई. मेंढरं अंगावर जायाची. संक्रातीला मीच उचलून ओट्यावर बसवला. लई जड हाय."

"मिस्त्री, त्या दिवशी तुम्ही पट्टी ह्याच्यावर धरली?"

"व्हय. वहाणा काढून धरली." गहिनीनाथाला वाटलं, बाई तेवढ्यासाठी विचारतीये.

सत्यभामाला सगळं एका दमात दिसलं. जोती जुन्या उंचीवर, खड्डा नव्या उंचीवर. धोंडा वीतभर वर गेला म्हणून हौद वीतभर वर आला. पाइपाचा उतारच संपला, पाणी हौदात उतरणारच नाही. ती परत खड्ड्याकडं आली आणि सरांना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं.

सर आधी पांढरे पडले, मग त्यांनी डोकं चालवलं. हुशार माणूस. "घाबरू नकोस. पाइप हौदाच्या भिंतीत नऊ इंच खाली घुसवायचा. पाणी येतं का नाही? येतं. हौद जरा कमी भरेल, एवढंच. कुणाला कळतंय? काम सुरू कर."

"सर, नऊ इंच म्हणजे..."

"नऊ इंच म्हणजे नऊ इंच. काम थांबवलं तर टँकर जाईल, ह्या बाया आपल्याला उभं कापतील, आणि उद्या केजात एक माणूस आपल्या माडीचा जिना चढणार नाही. तुझी नोकरी त्याच माडीवर आहे."

ते खोटं बोलत नव्हते. सत्यभामानं वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. तीस गुणिले पंधरा, नऊ इंच. साडेनऊ हजार लिटर. भागिले चोवीस. भागिले दोन कळशा. वीस आले. तिनं परत केला, परत वीसच. हे वीस दिवस कुठले, हे तिला कुणी सांगायला नको होतं. हौद तळाला गेलेला, माणसं अजून परतलेली नाहीत, ते शेवटचे वीस दिवस. आजी एक कळशी घेऊन ओढ्याच्या झिऱ्यावर बसायची ते. बोलली तर नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ह्या बायांच्या डोळ्यांची होती.

"ओ इंजिनीअर," बायनाबाईनं हाक मारली, "कावून थांबलाय? टँकर हुबा हाय."

मिक्सरवाल्यानं मशीन चालू केलं होतं. सरांनी सत्यभामाकडं बघून मान हलवली, नाही म्हणून.

ती पुढं गेली. "मशीन बंद करा," ती म्हणाली, आणि मग थांबलीच नाही. "मावशी, खड्डा कमी खणलाय. चूक माझी आहे. धोंडा हलला होता, मी बघितलं नाही. असाच हौद बांधला तर बांधून होईल, पण वीस दिवसांचं पाणी कमी बसेल. पाडव्याच्या आधीच्या वीस दिवसांचं."

मागून एक बाई म्हणाली, "दोन दीस पोरं तहानली आमची." तिच्या बोलण्यात राग होता आणि तो वाजवी होता. दुसरी म्हणाली, "शिकून हेच केलं व्हय?" मनकर्णा लांब उभी होती. आपल्यामुळं काहीतरी बिघडलंय एवढं तिला कळलं, आणि तिनं पदर तोंडाला लावला.

बायनाबाई सत्यभामाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "रंग कुणी लावला धोंड्याला?"

"मी."

"लाल?"

"लाल."

"तू कुठली गं?"

"आष्टीची."

"आष्टीची," बायनाबाई म्हणाली, आणि एवढंच. त्याहून जास्त लागेल असं तिला काही बोलताही आलं नसतं. मग ती खड्ड्यात डोकावली. "किती खाली जायाचं?"

"एक वीत."

"मुरूम हाय. सांजच्याला हुतंय." ती वस्तीकडं वळली. "कुदळी, पहारी काढा गं. आन पिपं आणा, घरातली सगळी."

आप्पा म्हणाला, "मी अकराला..."

"तू जा की. पाणी ठेवून जा."

चोवीस झोपड्यांतून अठ्ठेचाळीस निळी पिपं बाभळीपर्यंत रांगेत लागली आणि टँकर त्यांत रिकामा झाला. बायनाबाईनं प्रत्येक पिपावर फडकं बांधायला लावलं. "हे काँक्रीटचं पाणी हाय. उद्या सकाळी जसंच्या तसं पायजे," ती म्हणाली. सरांनी कपाळाला हात लावला. ते सत्यभामाला हळूच म्हणाले, "तहानलेल्या वस्तीत पाणी ठेवतीये ही. उद्या यातलं निम्मंसुद्धा दिसणार नाही." सत्यभामालाही तेच वाटत होतं.

दिवसभर खड्ड्यात माणसं होती. ऊस तोडणारे हात, मुरमाला काय दाद देतात! सत्यभामा जोत्यावरून माप घेत होती, दर तासाला, पडताळून. दुपारनंतर सरांनी इस्त्रीचा शर्ट काढून बनियनवर घमेली उचलली. बोलले मात्र नाहीत तिच्याशी. मनकर्णा येऊन विचारून गेली, "देव खाली घेऊ का परत?" सत्यभामा म्हणाली, "राहू दे काकू. आता मी त्याच्या भरवशावर नाही." मनकर्णाला ते काही पटलं नाही. ती जाऊन देवापुढं ऊद लावून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामा पहिल्या जीपनं आली. पिपं तशीच रांगेत होती, फडकी बांधलेली. तिनं एकेक सोडून बघितलं. पहिलं काठोकाठ. दुसरं, तिसरं, दहावं. पार शेवटच्या पिपापर्यंत एकातही पेलाभर कमी नव्हतं. तिला रडू फुटलं आणि ते तिनं लपवलंही नाही. मागून बायनाबाई म्हणाली, "रड नंतर. मशीन चालू कर."

त्या वर्षी पाऊस झाला, त्यातच जोत्यांवर घरं उभी राहून छतं पडली, हौद पाइपाच्या तोंडापर्यंत भरला. दिवाळी झाली, टोळ्या गेल्या. सरांनी तिला कामावरून काढलं नाही; फक्त ऑफिसातला लाल रंगाचा डबा तिच्यासमोर खिडकीतून खाली दुकानदाराला देऊन टाकला, आणि त्यावर महिनाभर कुणी हसलं नाही.

फाल्गुनात, पाडव्याला सोळा दिवस राहिले असताना, सत्यभामा माळावर गेली. ओट्यांवर बाजा होत्या, बाजांवर म्हातारी माणसं. हौदाच्या झाकणापाशी बायनाबाईची सासू साखराबाई बादली ओढत होती. सत्यभामानं पट्टी खाली सोडली आणि वर काढून बघितली. सात इंच ओली होती.

तेवढ्यात बायनाबाईचा फोन आला, कारखान्यावरून. मागं ट्रॅक्टरचा आवाज. "हाय का गं पाणी?"

"आहे मावशी. सात इंच."

"म्हंजे त्या वितीतलंच," पलीकडून आलं.

साखराबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या दोराच्या टोकाला लुगड्याच्या काठाची चिंधी गाठ मारून जोडलेली होती, वीतभर. कमरेवर हात ठेवून ती सत्यभामाला म्हणाली, "तूच का गं ती इंजिनीअर? हौद लई खोल केलास बघ. दोर पुरंना मला."

"चुकलं आजी," सत्यभामा म्हणाली, आणि बादली तिच्या हातातून घेतली.