अकरावी चिठ्ठी

सिंदेवाहीच्या दवाखान्यात भोंगा, माइक आणि पडद्यावर डासांची चित्रं दाखवायचं यंत्र माझ्या ताब्यात होतं. छप्पन साली डोळ्यांचं शिबिर लागलं, तेव्हा नावं पुकारायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. अक्षरं मी नुकतीच शिकलो होतो. वाचताना बोट लावावं लागे.

तीनदा पुकारायचं, माणूस आला नाही तर पाळी गेली. डॉक्टर दुपारच्या गाडीनं परत जाणार होते. पुढचं शिबिर वर्षानं.

अकराव्या चिठ्ठीवर बोट अडलं. गोकुळा. माझी बायको. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आदल्या दिवशीच तिनं टोपी समजून चुलीजवळचं पोतेरं माझ्या हातात दिलं होतं. पण लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी तिचं नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. आमच्याकडे काढतच नसत.

मी माइकवर म्हटलं, "पत्रूची माय!"

चार बाया उठल्या. आमच्या पोराचं नाव पत्रू, पण गावात पत्रू काय कमी होते?

कंपाउंडर गुणवंतराव हसले. "काऊन भाऊ, चिठ्ठीत असंच लिवलं हाये का?"

"अक्षर समजून नाई राह्यलं."

"मंग आन इकडं, मी पुकारतो."

"नाई, नाई!" परक्या माणसानं तिचं नाव भोंग्यावर घ्यावं, तेही मला सोसेना. मी पुन्हा माइकजवळ तोंड नेलं. "आमच्या घरच्या!"

सुगंधाबाई नावाची म्हातारी रांगेतूनच ओरडली, "कोनाच्या घरच्या, बापा? इथी समद्याच कोनाच्या ना कोनाच्या घरच्या हायेत!"

अंगणभर हसू फुटलं. उठलेली गोकुळा लाजून पुन्हा खाली बसली.

"दोनदा झालं," गुणवंतराव म्हणाले.

मी डोळे मिटले. "गोकुळा!"

भोंगा झाडावर बांधलेला. आवाज तलावाच्या पाळीपर्यंत गेला असेल. गोकुळा सुगंधाबाईचा हात धरून चाचपडत माझ्यापाशी आली आणि पुटपुटली, "एवढ्या जोरानं काऊन बोंबलता? मी का बहिरी हावो?"

माइक चालूच होता. हेही तलावापर्यंत गेलं.

लोक हसत असतानाच गुणवंतरावांनी तिला आत नेलं आणि दार लावलं.

पुढे पट्टी सुटली, त्या सकाळी मी खाटेजवळ उभा होतो. तिनं मला वरून खालपर्यंत दोनदा न्याहाळलं.

"अवो," ती म्हणाली, "तुमी एवढे म्हातारे कवा झाले?"