तेल गेलं कुठं

रखमाजीला भरल्या बाजारात चोर म्हणलं. त्याची आठवण निघाली की आजबी माझं डोकं तापतं, अन् मला लोक भुजंग मिस्तरी म्हणतेत, तापल्यावर माझ्या नादी कोणी लागत न्हाई.

रखमाजी चौदा वर्षं झाले बद्रीभाऊच्या मशीनीवर ड्रायव्हर. खोदायचं मशीन. कंपनी कोणतीबी असू द्या, आमच्या कुंभार पिंपळगावात त्याला जेसीबीच म्हणतेत. मशीन पार म्हातारं झालेलं, पर ठेवलेलं कसं? सांजच्याला काम सुटलं की हा माणूस फडकं घेऊन अर्धा घंटा मशीन पुसणार. खाली उताणा पडून त्याचं पोटबी पुसणार. त्याची बायको नंदाबाई म्हणायची, "माझ्या कपाळावरचा घाम कधी पुसला न्हाई यानं."

तं चैतात मशीनीचं गियरचं तेल कमी होऊ लागलं. दोन-तीन दिवसाला दोन-दोन लिटर. बद्रीभाऊ सकाळी यायचा, वाकून मशीनीखालची जमीन बघायचा. कोरडी ठाक. थेंब न्हाई. आठ दिवस बघितलं अन् त्याच्या डोक्यानं घेतलं. मला इचारायचं, दुसऱ्या कोणाला दाखवायचं, ते काई न्हाई. बाजाराच्या दिवशी, केशरबाईच्या चहाच्या टपरीसमोर, हजार माणसात तो रखमाजीला म्हणला, "रखमा, माझं तेल कोणाच्या ट्रॅक्टरात चाललंय रे? जमीन पीत न्हाई, वारा पीत न्हाई. मंग पितंय कोण? चाबी दे इकडं."

रखमाजीनं चाबी दिली अन् चालत घरी गेला. लोकायला तेवढंच पाहिजे व्हतं. गप बसला म्हणजे खाल्लं असणार.

सहाव्या दिवशी बद्रीभाऊ मशीन घेऊन माझ्या गॅरेजात. नवा ड्रायव्हर ठेवलेला, परगावचा पोरगा.

"मिस्तरी," बद्रीभाऊ म्हणला, "तेलाच्या टाकीला कुलूप बसवून द्या. हाबी तसलाच निघाला. चार दिवसात तीन लिटर उडवलं. एका माळेचे मणी समदे."

नवा ड्रायव्हर तिथंच उभा व्हता. तो म्हणला, "शेठ, मला तर तेल कुठून भरतेत तेबी रखमाजीच्या घरी जाऊन इचारावं लागलं."

मी तसाच मशीनीखाली सरकलो. अन् खाली बघतो तं काय, पोटाला बोटभर जाड काळा चिखल. माती तेलात भिजून पुरणासारखी झालेली. नव्या ड्रायव्हरनं चार दिवसात फडकं लावलेलं न्हाई ना. जे रखमाजी रोज सांजच्याला पुसून टाकायचा, ते यानं तसंच राहू दिलं.

"मशीन चालू कर," मी त्याला म्हणलं. "गरम होऊ दे. बकेट वर-खाली कर, जोर लागू दे."

वीस मिनिटं झाले. तवर काईच न्हाई. मंग रेडिएटरजवळून एक पिचकारी सुटली, सुईएवढी बारीक. तिथं रेडिएटरसारखीच एक जाळी असती, गियरचं तापलेलं तेल थंड करती, तिला कुलर म्हणतेत. त्या कुलरला जिथं पाईप जोडलाय, त्या नटातून तेल उडून राह्यलं व्हतं. उडायचं अन् पंख्याच्या वाऱ्यानं मागं जाऊन पोटाला बसायचं. मशीन बंद केलं तं पाच मिनिटात गळती बंद. थंड झाल्यावर जमिनीवर काय पडणार?

"दिसलं का?" मी म्हणलं. "काम चाललं की गळतं, उभं राह्यलं की थांबतं. तुमी बघायले सकाळी. अन् रखमाजी जुन्या मशीनीची चिकट समजून रात्र व्हायच्या आत पुसून मोकळा. गबाळा ड्रायव्हर असता तं वाचला असता बिचारा."

बद्रीभाऊनं डोकं खाजवलं. "अस्सं व्हय. बरं झालं सापडलं. टाका तेवढं नीट करून. रखमाला सांगतो, उद्यापासून ये म्हणून."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"चौकात चोर म्हणलं, अन् आता 'उद्यापासून ये'? बस एवढंच?"

"मंग काय पाय धरू का त्याचे?"

"पाय नका धरू. परात धरा."

"कसली परात?"

"उद्या बाजार हाय. मशीन चौकात न्यायचं, केशरबाईच्या टपरीसमोर उभं करायचं. तिथं नट खोलतो मी. तेल सांडू न्हाई म्हणून खाली परात तुमी धरायची. जिथं बोलले तिथंच दाखवायचं. जमत नसंल तं न्या तुमचं मशीन, जालन्याला शोधा दुसरा मिस्तरी."

तो लई तणतणला. पर जालन्यापस्तोर गळत मशीन न्यायचं म्हणजे गियरच जायचा, हे त्यालाबी कळत व्हतं.

सांजच्याला मी रखमाजीच्या घरी गेलो. तो खाटेवर भिंतीकडं तोंड करून. "मला न्हाई यायचं," म्हणला. "ज्यायला मानायचं त्यायनं मानलं."

नंदाबाई चुलीपासून उठली. "गिरणीवर गेले तं बाया मला तेलाचा भाव इचारतेत. हसून इचारतेत. तुमी न्हाई गेलात तं उद्या मी जाते, अन् मी गेले तं मालकाला जड जाईल."

आला मंग.

दुसऱ्या दिवशी चौकात ही गर्दी. मिरच्यावाले, बैलं घेऊन आलेले, समदे. मशीन गरम करून पिचकारी दाखवली. चार म्हाताऱ्यायनं बोट लावून वास घेतला. बद्रीभाऊ गुडघ्यावर बसला, नव्या धोतरावर, परात धरून. मी दोन पाने घेतले. एकानं कुलरचा गळा धरायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकाच पान्यानं जोर लावला तं गळाच पिळतो. नट सुटला, तेल परातीत पडलं, अन् मी आतली रबरी रिंग नखानं काढली.

ती बोटानं पुसली, अन् परत एकदा पुसली.

रिंग फुगून, तडकून, अर्धी झडलेली. पर वळखू आली. काळ्या रिंगीवर पांढरी रेघ. पाण्याच्या मोटारीच्या पाईपात बसवतेत ती. तीन वर्षाखाली रेडिएटर काढला तवा तेलाची रिंग भेटली न्हाई, म्हणून मी पाईपाच्या दुकानातून ही आणून बसवली व्हती. दोन महिन्यानं बदलू म्हणलं अन् इसरलो. पाण्याचं रबर तापलेल्या तेलात किती दिवस टिकणार? मला ठाऊक व्हतं. मिस्तरी मी हाय.

गुपचूप खिशात टाकली असती तं कोणाच्या बापाला कळलं नसतं. पर समोर रखमाजी उभा व्हता, अन् बद्रीभाऊला परात धरायला मीच लावलं व्हतं.

"ही रिंग मी बसवलेली हाय," मी म्हणलं. मोठ्यानं. "पाण्याची रिंग तेलात. चूक माझी. तीन वर्षाखालची माझी चूक रखमाजी रोज पुसत व्हता."

बद्रीभाऊ ताडकन उठला, परात हिंदकळली. "म्हणजे एवढा तमाशा करून तुमीच का मिस्तरी!"

"मी गळवलं, व्हय. चोर मी कोणाला म्हणलो न्हाई. ते तुमचं काम. करा आता."

बद्रीभाऊ परातीकडं बघत पुटपुटला, "तेल गळत व्हतं. रखमानं नेलं न्हाई."

टपरीतून केशरबाई म्हणली, "ऐकू न्हाई आलं, बद्रीभाऊ. त्या दिवशी तं माझ्या कपबश्या हालल्या व्हत्या. आज घसा बसला का?"

लोक हसले. बद्रीभाऊ लाल झाला, पर बोलला. यावेळी बैलबाजारापस्तोर गेलं. "रखमाजीनं माझं तेल घेतलं न्हाई. मी चुकीचं बोललो."

रखमा न्हाई, रखमाजी म्हणला. मी बराबर ऐकलं.

"येतो मालक कामावर," रखमाजी म्हणला. "पर तेलाला आता मी हात लावणार न्हाई. रोज सकाळी गेज काढून तेल किती हाय ते तुमी बघायचं, कमी असलं तं तुमीच भरायचं."

"रोज? मला दुसरे कामं न्हाईत का?"

"मंग इचार करा."

केशरबाईनं चहा गाळायला घेतला. बद्रीभाऊनं परात खाली ठेवली. "बरं. बघीन," म्हणला.

मी तेलाची खरी रिंग डबीतून काढली, अन् नट उचलला. तेवढ्यात रखमाजीनं माझ्यापुढं हात केला. माझ्याकडं बघितलंबी न्हाई. मी रिंग त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती उन्हात धरली, दोन्ही बाजूनं फिरवली, नखानं दाबून बघितली. मी नट धरून उभा.

"बसवा," तो म्हणला.