राजाचा डावा हात

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक खोली बघा. उंच, उत्तरेकडे मोठी खिडकी, जवसाच्या तेलाचा वास. मध्ये लाकडी चौथरा आहे आणि त्यावर तुम्ही गुडघे टेकून बसला आहात. समोर खुर्चीत माणसाएवढा लाकडी बाहुला, अंगावर लाल कापड. एका हाताने त्याचा लाकडी हात ओठांपाशी धरायचा, दुसरा त्याच्या गुडघ्यावर ठेवायचा आणि हलायचं नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. आणि मनात म्हणत राहायचं, मी राजा आहे.

जमेल? गेरोबाबाला जमत होतं.

गेरोबाबा पाणक्या होता. पॅरिसमध्ये आमच्या भागात पाणी असंच घरोघरी पोचायचं. कारंज्यावर दोन बादल्या भरायच्या, कावड खांद्यावर घ्यायची आणि जिने चढायचे. चौथ्या मजल्यावर देल्बार मास्तरांची चित्रशाळा होती. एकदा बादल्या रिकाम्या करून गेरोबाबा दाढीवरचा घाम पुसत उभा होता, तर मास्तर म्हणाले, "तसाच थांब! माझा प्रिआम सापडला."

प्रिआम म्हणजे ट्रॉय नगरीचा म्हातारा राजा. अकिलीस नावाच्या वीराने त्याच्या मुलाला लढाईत मारलं आणि प्रेतही दिलं नाही. तेव्हा राजा एकटाच शत्रूच्या तंबूत गेला, ज्या हाताने मुलगा मारला त्याच हाताचं त्याने चुंबन घेतलं आणि प्रेत मागितलं. मास्तरांनी जन्मभर अशीच जुन्या ग्रीक-रोमन कथांची चित्रं काढली होती.

"मग मिळालं का त्याला?" गेरोबाबाने पहिल्याच दिवशी विचारलं.

"मिळालं."

"नशीबवान म्हणायचा," असं म्हणून त्याने लाकडी हात ओठांपाशी नेला.

कोपऱ्यात त्याची नात झेली बसली होती, दहा वर्षांची. तिचे वडील, म्हणजे गेरोबाबाचा मुलगा, सम्राटाच्या फौजेबरोबर लढाईला गेले होते. त्यांच्याऐवजी एक कागद परत आला होता. आजोबा काय बोलले ते तिला कळलं. मास्तरांना काही ठाऊक नव्हतं.

गेरोबाबाने कारंज्यावरच्या रांगेत ही बातमी सांगितली, आणि मग काय विचारता!

"सरका गं, महाराज आले!" धोबीण बुर्दँबाई ओरडायची. "आज स्वतः पाणी भरताय महाराज? नोकर पळाले वाटतं?"

"हस, हस. लूव्र राजवाड्यातल्या प्रदर्शनात, भिंतीवर मला बघशील तेव्हा वाकून नमस्कार करशील."

"हे नाक लूव्रात? भिंत कोसळेल रे गेरो!"

"नाही कोसळणार!" झेली मध्येच म्हणाली. "तुम्ही सगळ्या या. मी स्वतः बोट करून दाखवीन, हे बघा माझे आजोबा."

"येऊ की," बुर्दँबाई म्हणाली. "सगळी गल्ली घेऊन येऊ."

झेली शब्द देऊन बसली, आणि मग तिला मास्तरांची पद्धत कळली.

मास्तर आधी कागदावर खडूने माणूस जसाच्या तसा काढायचे. त्या कागदावर आजोबा अगदी आजोबा होते. कावडीने खांद्यावर आलेली गाठ, बादलीच्या कडीने वाकडी झालेली करंगळी, फुटकी नखं, सगळं होतं. पण कॅनव्हासवर रंगवताना मास्तर त्याच माणसाला सुधारत. भिंतीवर जुन्या मूर्तींची प्लास्टरमध्ये ओतलेली तोंडं, पाय, हात टांगले होते. त्यांच्याकडे बघून त्यांनी राजाला एका देवाचं नाक दिलं, खांदा गुळगुळीत केला, मान सरळ केली. रोज थोडे थोडे आजोबा पुसले जात होते.

"मास्तर, हे आजोबा नाहीत," एक दिवस झेली म्हणाली.

"बरोबर. हा प्रिआम आहे."

"मग आजोबांना कशाला बसवलं? गुडघे दुखतात त्यांचे."

सिप्रिआँ नावाचा शिष्य फिसकन हसला. मास्तरांनी कुंचला खाली ठेवला. समजावून सांगायला त्यांना आवडायचं.

"हे बघ बाळ. मी तुझ्या आजोबांचा खांदा काढला, तर लोक म्हणतील, अरे, हा तर पाणक्या, बिचारा. आणि पुढे जातील. मला त्यांना जाऊ द्यायचं नाहीये. समोर उभ्या राहिलेल्या प्रत्येक बापाला वाटलं पाहिजे, हा मी आहे. म्हणून एका माणसाच्या खुणा पुसायच्या. कळलं?"

झेलीला कळलं. मास्तरांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आजोबांना तिने काही सांगितलं नाही. चित्र पूर्ण होईपर्यंत चित्रासाठी बसणाऱ्या माणसाने ते बघायचं नाही असा तिथला नियम होता, आणि बैठक संपली की त्यावर कापड पडायचं. पण बुर्दँबाई आणि सगळी गल्ली लूव्रात येईल, तेव्हा ती कोणाकडे बोट करणार होती?

चित्र लूव्रला पाठवायला चार दिवस उरले. त्या सकाळी गेरोबाबा आतल्या पिंपात पाणी ओतत होता आणि चित्रावर कापड नव्हतं. झेली समोर जाऊन उभी राहिली. राजाचा डावा हातही आता रंगवून झाला होता, अकिलीसच्या गुडघ्यावर पालथा टेकलेला, लांब बोटांचा. पण त्यात काहीतरी खटकत होतं.

तिने गुडघे टेकले आणि आपला डावा हात स्टुलावर पालथा ठेवला. तिचा अंगठा आतल्या बाजूला, उजव्या हाताकडे आला. राजाचा बाहेरच्या बाजूला होता. तिने पुन्हा करून बघितलं. मग उजवा हात ठेवला, तर तो चित्राशी हुबेहूब जुळला. तिने भिंतीकडे बघितलं. खिळ्याला टांगलेला प्लास्टरचा सुंदर हात उजवा होता.

सिप्रिआँने तिला बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "गप्प बस! आम्ही आठ दिवस गप्प आहोत."

"का?"

"मागे एकाने मास्तरांच्या चित्रातल्या घोड्याचे पाय मोजून दाखवले होते. तो आता गावाला शेळ्या राखतो."

झेलीने राजाच्या दोन्ही हातांकडे पुन्हा बघितलं. मास्तर चिडले तर आजोबांचं इथे येणंच बंद होईल. पण आजोबा तर चित्रातून गेलेच होते. आता त्यांच्या जागी बसलेल्या माणसाला सगळं पॅरिस हसलं असतं.

"मास्तर," ती म्हणाली, "राजाला दोन उजवे हात आहेत."

खिडकीपाशी रंग कालवत असलेले मास्तर जवळ आले. त्यांनी चित्र बघितलं, आपला डावा हात मांडीवर ठेवून बघितला, आणि मग स्टूल ओढून खाली बसले.

"सिप्रिआँ, तुला हे दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं मास्तर. आम्हाला वाटलं, ग्रीक लोकांचं तसंच असेल."

आता आभाळ फाटणार म्हणून सगळे शिष्य भिंतीला चिकटले. पण मास्तर हसायला लागले. खूप हसले, आणि हसता हसता थांबले. "आठ महिने देवाच्या चुका दुरुस्त करतोय मी," ते म्हणाले आणि पातळ पात्याच्या सुरीने राजाचा हात खरवडून काढला. मनगटापुढे तपकिरी डाग उरला.

"आरसा आणू?" सिप्रिआँने विचारलं. "प्लास्टरचा हात आरशासमोर धरला की डावा दिसेल."

"आण."

"आजोबा आत आहेत," झेली म्हणाली. "त्यांच्याकडे खराच डावा आहे."

 मास्तरांची नजर कोपऱ्यातल्या खडूच्या चित्राकडे गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. "बोलाव त्यांना," ते शेवटी म्हणाले.

गेरोबाबा दारात आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"नको मास्तर. माफ करा, मी कापड उचलून आधीच बघितलंय. किती देखणा केलाय तुम्ही मला! तसाच जाऊ दे. हा हात लावलात तर सगळा घोटाळा होईल. लोक म्हणतील, राजाला भलत्याचाच हात चिकटवलाय."

झेली बघतच राहिली. "तुम्हाला ठाऊक होतं? राग नाही आला?"

"राग कसला? जन्मात कधी तसा दिसलो नाही. म्हटलं, तिथे तरी दिसू."

सिप्रिआँ आरसा घेऊन आला होता. मास्तरांनी तो हातात घेतला, पण वर उचलला नाही. "गेरोबाबा, तुम्ही म्हणाल तसं करू," ते म्हणाले. "आज माझा माझ्यावर भरवसा नाही."

झेली आजोबांपाशी गेली.

"आजोबा, माझे बाबा लढाईला निघाले तेव्हा तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता ना? कोणता?"

गेरोबाबाला आठवावं लागलं नाही.

"डावा," तो म्हणाला. "उजव्यात बादली होती."

मास्तरांनी आरसा भिंतीला टेकवून ठेवला.

झेलीने आजोबांचा हात पाठीमागून पुढे ओढला. तो पाण्याने ओला आणि गार होता. तिने आपल्या एप्रनने तो पुसला, एकेक बोट करून, वाकडी करंगळी सगळ्यात शेवटी. मग त्यांना चौथऱ्यावर नेऊन बसवलं, तो हात बाहुल्याच्या लाकडी गुडघ्यावर ठेवला आणि तो पुन्हा पाठीमागे जाऊ नये म्हणून वरून आपल्या हाताने दाबून धरला.

मास्तरांनी कुंचला उचलला. "झेली," ते हळूच म्हणाले, "आता तुझा हात काढून घे."

आजोबांचा हात जागचा हलत नाही हे तिने बघितलं. मग हात काढून घेतला, आणि उजेड अडू नये म्हणून खिडकीपासून दोन पावलं बाजूला सरकली.