दिपालीला विचारलं का?

"माझं पोट दुखत न्हाय," दिपाली म्हणाली आणि नर्सने दिलेला हिरवा झगा तिने खाटेच्या टोकाला ढकलला.

छबूबाई उठली, पुन्हा बसली. बारामतीच्या त्या दवाखान्यात सकाळपासून तिची हीच उठबस चालली होती. चौऱ्याण्णव साली दिपाली, तिची लेक, विशीत आली होती. समज मात्र लहान पोरीएवढीच राहिलेली. दर महिन्याचं तिचं तिला निभत नसे, आणि लासुर्ण्यात उसाच्या फडांकडे ती एकटीच हिंडे. तिची गर्भपिशवीच काढून टाकायची, असं तिच्या थोरल्या भावाने, रामहरीने ठरवलं होतं. त्यासाठी लोणी देवकरच्या कारखान्यातून रजा काढून तो आला होता.

"एकदा पिशवी काढली की घोर मिटला," तो म्हणाला. "उद्या कुणी काय केलं, तर तोंड कुठं लपवायचं?"

छबूबाई त्याच्याकडे वळली. "पिशवी काढून त्येचा हात थांबंल व्हय? दिवस जायचे न्हाईत, म्हून नुसतं आपल्याला कळायचं न्हाय. ती सोसत बसंल, आन् आपण निवांत!"

तेवढ्यात डॉक्टर आले.

"बाई, संमतीचा अंगठा राहिलाय तुमचा."

"सायेब, तिला इचारलं का?"

"तिला काय कळतंय?"

"कापायचं तिला हाय. सांगून तर बघा."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग दिपालीकडे वळून म्हणाले, "तुझ्या पोटातली एक पिशवी काढायची आहे. काढू?"

दिपालीने दोन्ही हात पोटावर दाबून धरले. "न्हाय. माझी हाय."

छबूबाईने पिशवीत कपडे कोंबायला सुरुवात केली.

"बघ मग तूच तिचं," रामहरी म्हणाला.

"बघीन. तिचं तिला करायलाबी शिकवीन."

"आन् तू मेल्यावर?"

छबूबाईने लेकीला चपला घातल्या.

इंदापूरच्या गाडीत रामहरी पुढे जाऊन बसला. लासुर्णं आलं, मायलेकी उतरल्या. त्याची बायको-पोरं गावातच होती, तरी तो जागचा हलला नाही; थेट कारखान्याकडेच निघाला होता. कंडक्टरने घंटी मारली.

"दादा ऱ्हायला!" दिपाली गाडीमागे धावली, थांबली आणि हात हलवू लागली. गाडी कालव्याच्या वळणाआड गेली.

"चल," छबूबाई म्हणाली.

"थांब. दादा बघंल."

छबूबाई तिच्याशेजारी उभी राहिली.