दुवानची लादी

"लाह्या फुटल्या की कळेलच," आर्सेसिओ म्हणाला आणि भट्टीच्या काचेला नाक लावून उभा राहिला.

"मागे हो, दादा. नाक भाजेल." भट्टी माझी आहे, इथे माझं चालतं, भावाचं नाही.

आत त्याच्या पोराची, दुवानची, लादी होती. मेदेयीनच्या वरच्या डोंगरात बोगदा चाललाय, त्यात दुवानच्या पाळीने पंपाने भिंतीवर फवारून मारलेल्या काँक्रीटमधून कापून आणलेली. या काँक्रीटमध्ये पोलादाचे बारीक तुकडे असतात, ते काँक्रीट धरून ठेवतात. आणि केसांसारखे प्लास्टिकचे तंतू असतात. ते आगीत वितळून जातात आणि आतल्या वाफेला वाट करून देतात. तंतू नसले की वाफ कोंडते आणि काँक्रीट लाह्यांसारखं फुटून खालच्या माणसांवर उडतं. पण तंतू पंपात अडकतात, काम रखडतं, म्हणून कामचुकार लोक तंतूंची गोणीच गायब करतात. आर्सेसिओला नाल्यात एक न फोडलेली गोणी सापडली, आणि या शहाण्याने सगळ्या पाळीसमोर पोराला लबाड ठरवून लादी कापायला लावली. आता ती फुटली तर दुवानला कुठल्याच बोगद्यात कोणी उभं करणार नव्हतं.

"पपा, ती गोणी भिजली होती. मी दुसरी टाकली. किती वेळा सांगू तुला?" दुवान दाराशीच उभा होता.

"मला नको सांगूस. भट्टी सांगेल."

मी बर्नर पेटवले. काचेत आधी पिवळं, मग पांढरं दिसायला लागलं. पहिला अर्धा तास निघाला तर निघाला. फुटायचं ते त्यातच फुटतं. कॉफी तशीच निवत पडली. बोगद्यावरून आलेल्या इंजिनिअर बाई घड्याळ हातात धरून बसल्या होत्या. मी या पोराची आत्या, अंगाखांद्यावर खेळवलंय त्याला.

फट्.

"बघा. सांगत नव्हतो मी?" आर्सेसिओ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

दुवान दारातून आत आला. बापाकडे नुसता बघत राहिला.

एका कोपऱ्याचा नखाएवढा टवका उडाला होता. दुसऱ्या आवाजाची आम्ही वाट बघत बसलो. तो आलाच नाही. लादीच्या भट्टीबाहेर उघड्या राहिलेल्या अंगाला पाणी पाझरू लागलं, माणसाला घाम फुटावा तसं. वाफेला वाट मिळाली होती.

अर्धा तास सरला. त्यापुढचा दीड तासही सरला. इंजिनिअर बाईंनी दुवानचा हात हातात घेतला. "उद्यापासून तुझी पाळी पुढे चालू दे."

मी मारियामातेला हात जोडले आणि भावाला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या.

आर्सेसिओ पोराजवळ गेला. खांद्यावर ठेवायला उचललेला हात त्याने खिशात घातला. "चल, घरी जाऊ. आत्याने राजमा करून ठेवलाय."

"तुम्ही व्हा पुढे, मेस्त्री," दुवान म्हणाला. अगदी सरळ, राग नव्हता त्यात. बोगद्यातली सगळी माणसं आर्सेसिओला मेस्त्रीच म्हणतात. पोराने कधी म्हटलं नव्हतं.

तो निघून गेला. आर्सेसिओ भट्टीकडे बघत उभा राहिला.

"पास झाला ना गं?"

"झाला, दादा."