हापशीसमोरची खिडकी

मित्रांनो, माझ्याकडे कुणी पाहत नाही. सगळे माझ्यातून पलीकडे पाहतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. देऊळघाटातल्या एका टिनाच्या छपराच्या घराची मी जुनी खिडकी आहे, आणि पलीकडचं दिसू देणं हेच माझं काम.

पडलेल्या गोठ्याच्या सागवानी दारातून सुताराने मला घडवलं. गज बसवले, निळा रंग दिला. समोर गल्ली, गल्लीत हापशी. भिंत मातीची आणि जाड, म्हणून माझ्यापाशी एका माणसाला बसण्यापुरती जागा होती.

त्या जागेवर पद्मजाबाई येऊन बसल्या. त्या बुलढाण्याच्या, कोर्टातल्या कारकुनाची मुलगी. गावच्या शाळेत शिकवायला आल्या तेव्हा इथली बोली त्यांना धड कळतही नव्हती. शाळा सुटली की मांडीवर पाट घेऊन त्या लिहायच्या. बाहेर बायका हंडे लावून बसायच्या, आणि सगळ्यांत मोठा आवाज सोजराबाईचा.

“बाई, काय लिहून राह्यल्या?” ती गजांतून डोकावायची.

“तुझ्या सासूची गाऱ्हाणी.”

“मंग अजून कागद आणा बाप्पा, एवढ्यात नाई मावणार!”

बाईंची कादंबरी छापून आली आणि गाजली. पुण्याहून माणसं भेटायला आली. बाईंना धास्ती मात्र सोजराबाईची. कारण कादंबरीतली भांडखोर बाई कोण, हे सगळ्या गल्लीने ओळखलं होतं. सोजराबाईने शेजारच्या तानुबाईकडून हापशीवरच सगळं वाचून घेतलं आणि एका संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मी एवढी भांडखोर हाय काय?”

बाईंनी माझे गज घट्ट धरले होते. सोजराबाईनेच पुढे विचारलं.

“पण शेवटी मीच जिंकली ना?”

“हो. तूच.”

“मंग ठीक हाय. पुढच्या पुस्तकात मले लुगडं चांगलं नेसवजा.”

पुढे बक्षीस मिळालं तेव्हा भावाने कौतुकाने कूलर आणून माझ्यात बसवला. बाईंनी तो आठवड्याच्या आत शाळेला देऊन टाकला. का, ते कुणाला सांगितलं नाही. उन्हाळाभर माझ्यावर ओलं लुगडं टाकायच्या आणि घाम पुसत लिहायच्या.

आता बाई नाहीत. त्यांचा भाचा लक्ष्मीकांत आणि त्याची बायको छाया इथे राहतात. बाईंचे वाचक येतात आणि टेबलाचा फोटो काढतात. त्या टेबलावर बाई फक्त पिठाचे डबे ठेवायच्या!

या उन्हाळ्यात घराची भट्टी झाली. लक्ष्मीकांत मोठा कूलर घेऊन आला. तो माझ्या चौकटीत मावेना, तेव्हा मला काढून भिंत फोडायचं ठरलं. मिस्त्री पहार घेऊन आला. तोवर लक्ष्मीकांतने कूलर स्टुलावर ठेवून माझ्यासमोर सुरू करून पाहिला.

सोजराबाई आता काठी टेकत चालते. घरोघरी नळ आले, तरी नळाला रोज पाणी नसतं, म्हणून हापशीवर अजून बायका जमतात आणि ती त्यांच्यात येऊन बसते. मिस्त्रीची पहार पाहून ती तरातरा माझ्याकडे आली. तिचे ओठ हलत होते, काठी हवेत नाचत होती. पण आत घरघरीशिवाय काही ऐकू येईना. लक्ष्मीकांतने कूलर बंद केला.

“काय म्हणालात, काकू?”

“शिव्या देऊन राह्यली होती तुले. आयकू नाई आल्या? आता पुन्हा पहिल्यापासून देऊ काय?”

हापशीवरच्या बायका खो खो हसल्या. छायाही हसली, मग बंद कूलरकडे पाहू लागली. “अहो,” ती म्हणाली, “आत्याबाईंनी कूलर शाळेला का देऊन टाकला, कळलं का?”

लक्ष्मीकांत माझ्याकडे पाहत राहिला. माझ्यातून नव्हे, माझ्याकडे. मग मिस्त्रीला म्हणाला, “मागची भिंत फोडू. न्हाणीकडची.”

आता कूलर मागे घरघरतो. संध्याकाळी छाया तो बंद करते आणि तांदूळ निवडायला माझ्यापाशी येऊन बसते.

मित्रांनो, एखाद्या लेखकाचं घर पाहायला गेलात, तर टेबल-खुर्ची पाहून लगेच परतू नका. खिडकी शोधा. तिच्या बिजागरीला तेलाचा थेंब द्या, ती उघडा आणि थोडा वेळ तिच्यापाशी बसा. बाहेर कुणीतरी बोलत असेलच.