डावीकडे वळावे, पुढे उजवीकडे

मावशीच्या तळपायाची आग आधीच मस्तकात गेली होती, त्यात समोर भिंत आली. नुसती भिंत! ना दार, ना पाटी. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची मागची बाजू, खरकट्याचे डबे आणि त्यांच्यावर घोंघावणाऱ्या माश्या.

"वाच पुन्हा," ती भाचीला म्हणाली.

भाची कुबडीवर रेलली. पायाला प्लास्टर, कपाळावर घाम. विभागाच्या वेबसाइटवरून छापून आणलेला कागद तिनं उघडला. "'फाटकातून आत आल्यावर डावीकडे वळावे. पाण्याची टाकी उजव्या हाताला ठेवून चालत राहावे. पुढे उजवीकडे. विभाग समोरच दिसेल. रमतगमत पाच मिनिटे.'"

"रमतगमत म्हणे! मेल्यांनी एकदा कुबडी घेऊन रमून दाखवावं. टाकी तरी दिसली का आपल्याला?"

"ती बघ. पार तिकडे, फाटकाच्या पलीकडे."

आणि विभाग कसला, तर भूगोलाचा! जगाचे नकाशे काढतात आणि स्वतःच्या दाराचा रस्ता सांगता येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मावशी एका दातांच्या दवाखान्यात नावं पुकारायचं काम करायची. आज रजा टाकून आली होती, कारण पोरीची संशोधनाच्या जागांसाठी मुलाखत होती. ती वर्षातून एकदाच व्हायची, आणि हुकली की वर्ष गेलं. पाय मोडला तरी पोरीनं अभ्यास मोडला नव्हता.

भाची एकदा कागदाकडे, एकदा टाकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, सगळं उलटं करून बघू या. डावं म्हटलंय तिथं उजवं."

पुन्हा फाटकापर्यंत खुरडत जायचं! पण गेल्या. उजवीकडे वळल्या, तर टाकी आली, डाव्या हाताला. पुढे डावीकडे, आणि समोर विभाग उभा. मावशीला आनंद व्हायच्या ऐवजी संताप आला.

जिना चढून वर पोचेपर्यंत व्हायचं ते झालंच होतं. भाचीनं नाव सांगताच दारातल्या कारकून बाईंनी मान वर न करता सांगितलं, "तुमचं नाव पुकारून झालं. गैरहजर लावलंय."

"हजर माणसाला गैरहजर कसं लावता हो?" मावशीचा आवाज असा चढला की आतून विभागप्रमुख स्वतः बाहेर आले. चष्मा कपाळावर, हातात पेन.

"काय गोंधळ आहे? रस्ता वेबसाइटवर स्पष्ट दिलेला आहे, कित्येक वर्षांपूर्वी मी स्वतः लिहिलाय. भूगोलाच्या उमेदवाराला विभाग सापडत नसेल तर..."

चोराच्या उलट्या बोंबा! मावशी तोंड उघडणार, एवढ्यात भाचीनं तिचा हात दाबला आणि उघड्या दारातून आतल्या खिडकीकडे बोट केलं.

"सर, तुम्ही हे त्या खिडकीशी बसून लिहिलंत का?"

"हो. माझं टेबलच तिथं आहे."

"तिथून फाटक समोर दिसतं. येणारा माणूस तुमच्याकडे तोंड करून येतो, सर. तुमचं डावं ते त्याचं उजवं."

विभागप्रमुखांनी खिडकीबाहेर पाहिलं. डावा हात थोडा उचलला, मग उजवा. चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "अरेच्चा," ते म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. "आत या. बसून बोलू."

भाची आत गेली ती बऱ्याच वेळानं हसतच बाहेर आली. "मावशी, घेतलं मला!" मावशीनं तिला कुबडीसकट मिठी मारली. घोडं गंगेत न्हालं एकदाचं!

तेवढ्यात बाईंनी पुढचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. बाकावर होतंच कोण? पुन्हा पुकारलं.

"गैरहजर," सवयीनं विभागप्रमुख बोलून गेले. "दरवर्षी निम्मे येतच नाहीत. आस्थाच नाही हो मुलांना. वसतिगृहातली तेवढी येतात."

मावशी वळली. दवाखान्यात पुकारलेला माणूस आला नाही तर ती आधी जिन्यात डोकावून यायची. दातदुखीनं बेजार झालेला माणूस कुठं तरी बसलेला सापडायचा. "आस्था नाही? अहो, वसतिगृहातल्यांना तुमचा कागद लागत नाही म्हणून ती येतात! बाकीचे आले नाहीत हे तुम्ही खिडकीत बसून ठरवलंत?"

विभागप्रमुखांनी पुन्हा खिडकीकडे पाहिलं.

"चला," मावशी म्हणाली. "रस्ता तुम्ही लिहिलाय, आणायलाही तुम्हीच चला."

आणि गेले की! पेन हातात तसंच धरून मावशीच्या मागं जिना उतरले.

भिंतीपाशी, खरकट्याच्या डब्यांजवळ एक मुलगी उकिडवी बसली होती. नेसलेली साडी नवी, एका चपलेचा अंगठा तुटलेला, मुठीत तोच कागद. रडून डोळे सुजले होते.

"भूगोल?" मावशीनं विचारलं.

मुलीनं मान हलवली. "संपल्या का हो मुलाखती?"

"नाही," विभागप्रमुख घाईघाईनं म्हणाले. "नाही संपल्या. चल, मी नेतो." त्यांनी वाकून तिची पिशवी उचलली.

मावशी मात्र जागची हलली नाही. ती भिंतीकडे बघत होती.

"ही सापडली," ती म्हणाली. "मागच्या वर्षीची पोरं कुठं शोधायची, सर?"